चामडे आणि गादीकाम यांसाठी जुने शिवणयंत्र : पारख व दुरुस्ती

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने शिवणयंत्रावर लिहावे, हे अनेकांस चमत्कारिक वाटेल. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकासही ते तसेच वाटले असते. परंतु कारागिरांच्या बोलीतील शब्द टिपण्यासाठी एखाद्या दुकानात जाऊन बसले, की शब्द वस्तूपासून सुटा काढता येत नाही, हे लवकरच कळून चुकते. ‘शटल’ म्हणजे काय, हे कागदावर लिहून घेता येते. पण शटलचे टोक झिजले म्हणजे काय होते हे पाहिल्यावाचून त्या शब्दाभोवती कारागिराच्या बोलण्यात जी काळजी असते तिचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात भाषेपेक्षा यंत्राचेच विवेचन अधिक आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र एका फसगतीमुळे. माझे मावसभाऊ मोटारसायकली व रिक्षा यांची आसने, सोफ्यांची आच्छादने इत्यादी काम करतात. दुसऱ्याच्या दुकानात बारा वर्षे काढल्यावर त्यांनी स्वतःचा गाळा घेतला आणि वर्षभराची शिल्लक एका जुन्या यंत्रात घातली. खरेदीच्या वेळी मला सोबत नेले होते. शिकलेला माणूस बरोबर असला म्हणजे विकणारा दबून बोलतो, ही त्यांची समजूत. विकणाऱ्याने यंत्रावर हात थापटून सांगितले, “इंडस्ट्रियल आहे, हेवी आहे, चामडं काय, पत्रा शिवाल.” यंत्रास नुकताच काळा रंग दिलेला होता आणि त्याचे वजन खरोखरीच दोघांनी उचलावे इतके होते. दुकानात चालवून दाखविलेली टीपही सुबक होती; ती सुती कापडाच्या दोन पदरांवर मारलेली होती, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. घरी आणल्यावर पहिल्याच रिक्षाच्या आसनावर वरचे रेक्झीन खालच्या पदरापेक्षा दोन बोटे पुढे सरकले, आणि पायपिंगच्या जागी चार पदर एकत्र येताच सुई मोडली. शब्दांचा जाणकार म्हणून ज्याला सोबत नेले, त्यालाच ‘इंडस्ट्रियल’ या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

तेव्हा त्या शब्दापासूनच आरंभ करणे योग्य होईल. शिवणयंत्राच्या संदर्भात ‘औद्योगिक’ म्हणजे ‘दणकट’ असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याचा अर्थ ‘एकच काम दिवसभर, न थकता करणारे’ एवढाच आहे. सदरे शिवण्याच्या कारखान्यातील यंत्र हे पूर्णार्थाने औद्योगिक असते. ते मिनिटास चार-पाच हजार टाके घालते, त्याचे तेल आपोआप फिरते, आणि तरीही त्याखाली चामड्याचे दोन जाड पदर सरकविले तर ते अडते. त्याची रचनाच पातळ कापड वेगाने शिवण्यासाठी असते. म्हणून घेणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न हे यंत्र औद्योगिक आहे काय, हा नव्हे. ते कोणत्या जाडीसाठी, कोणत्या दोऱ्यासाठी आणि माल कोणत्या रीतीने पुढे नेण्यासाठी बनविलेले आहे, हे विचारले पाहिजे. या तिहींपैकी शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा असून विक्रेत्याच्या तोंडी तो क्वचितच येतो.

तो समजण्यासाठी टाका कसा पडतो हे आधी पाहिले पाहिजे. एलियस हौ याने १८४६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्यात टोकाजवळ छिद्र असलेली सुई आणि खालचा वेगळा दोरा या दोन गोष्टी एकत्र आल्या. आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ सालचे. ॲलन विल्सन याने नागमोडी जाणाऱ्या शटलऐवजी वर्तुळाकार फिरणारा आकडा आणला आणि १८५४ साली माल सरकविणाऱ्या दात्यांची चार पावलांची चाल पेटंट केली : वर येणे, पुढे नेणे, खाली बुडणे, मागे परतणे. आज बाजारात मिळणारे कोणतेही जुने यंत्र उघडले, तरी ही मूळ रचना ओळखता येते.

सुई माल भेदून खाली जाते आणि तळाच्या बिंदूपासून किंचित वर येऊ लागते. सुईच्या एका अंगास लांब खोबण असते. दोरा तीत लपलेला असल्यामुळे त्या बाजूस तो सुईबरोबर सहज सरकतो. दुसऱ्या अंगास तो मालाच्या घर्षणाने अडतो, आणि सुई वर येताना तेथे त्याचा लहानसा फुगवटा, म्हणजे फास, तयार होतो. आकड्याचे टोक नेमके त्याच क्षणी तेथे येऊन तो फास पकडते, बॉबिनभोवती फिरवून आणते, आणि वरचा हात दोरा ओढून गाठ मालाच्या पोटात बसवितो. एका टाक्यास जेवढा दोरा लागतो त्याच्या कितीतरी पट दोरा बॉबिनला वळसा घालण्यासाठी खाली ओढला जातो व पुन्हा वर जातो. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक भाग शिवणीत बसण्यापूर्वी सुईच्या छिद्रातून अनेक वेळा घासला जातो. जुन्या यंत्राच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या एका वाक्यात आहे.

येथे एक गोष्ट नमूद करण्याचा मोह आवरत नाही. आपल्याकडील मिस्त्री या फिरत्या आकड्यास सर्रास ‘शटल’ म्हणतात. शटल म्हणजे विणकराचा धोटा, इकडून तिकडे जाणारा. आकडा कोठेही जात नाही, तो जागच्या जागी फिरतो. वस्तू गेली आणि नाव मागे राहिले, याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकांतही सहसा सापडत नाही. तद्वतच, माल सरकविणाऱ्या पट्टीस इंग्रज कारागीर ‘कुत्रा’ म्हणतो, कारण पकडून धरणाऱ्या यंत्रभागास कुत्रा म्हणण्याची त्याच्याकडे जुनी चाल आहे. आपल्या कारागिराने ते भाषांतर न करता, जे दिसले त्यास ‘दाते’ असे सरळ नाव दिले. असो.

साध्या यंत्रात माल पुढे नेण्याचे काम केवळ खालचे दाते करतात. वरचा पाय नुसता दाबून धरतो. कापडाच्या दोन पदरांत पुरेसे घर्षण असल्यामुळे खालचा पदर चालला की वरचाही त्याबरोबर चालतो. चामडे, रेक्झीन, ताडपत्री यांचे तसे नाही. त्यांचा पृष्ठभाग पोलादी पायास चिकटतो. खालचा पदर दात्यांबरोबर जातो, वरचा पायापाशी रेंगाळतो, आणि शिवणीच्या शेवटी वरच्या पदराचे टोक बाहेर उरते. माझ्या मावसभावांची ती दोन बोटे याच कारणाने आलेली होती. गुळगुळीत टेफ्लॉनचा किंवा चाकाचा पाय लावून हा दोष कमी करता येतो, परंतु नाहीसा होत नाही.

दुसरी पायरी म्हणजे सुईदेखील दात्यांबरोबर पुढे सरकणारी यंत्रे. सुई सर्व पदरांतून आरपार गेलेली असल्यामुळे पदर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. तिसरी आणि या कामास खरी योग्य रचना ती, जिला बाजारात ‘वॉकिंग फूट’ म्हणतात. तीत पाय दोन असतात. आतला पाय सुईबरोबर माल दाबून पुढे चालतो. तो व सुई परत येत असताना बाहेरचा पाय माल धरून ठेवतो. दाते, सुई आणि आतला पाय हे तिघे एकाच पावलाने चालतात. ‘वॉकिंग फूट’ हा शब्दही मात्र जपून ऐकावा. काही यंत्रांत पाय चालतो पण सुई चालत नाही, आणि घरगुती यंत्रास वरून जोडावयाच्या एका लहान उपकरणासही हेच नाव आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. टाक्याची लांबी सर्वांत मोठी ठेवून चाक हाताने फिरवावे आणि सुई मालात असताना ती पुढेमागे झुलते की सरळ उभीच राहते ते पाहावे. झुलत नसेल तर ते यंत्र तिसऱ्या प्रकारचे नव्हे, मग त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो.

यंत्राच्या पाटाचा आकार हा पुढचा विचार. आसने व आच्छादने यांस सपाट पाट पुरतो. पिशव्या व नळकांड्यासारख्या वस्तूंस नळीसारखा हात लागतो. पादत्राणांस उभ्या खांबावरचे यंत्र. नळीच्या हातावर पाट बसवून सपाट काम करता येते, सपाट पाटावर पिशवीचा तळ शिवता येत नाही. परंतु नळीचे यंत्र महाग असते, आणि ज्याचे काम मुख्यतः गाद्यांचे आहे त्याने त्याच्या मागे लागू नये.

जुन्या यंत्रांत सिंगरची १११डब्ल्यू१५५ ही जात गादीकामात प्रसिद्ध आहे. सिंगरच्या क्रमांकांतील अक्षर कारखान्याचे असते : ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँकजवळचा किल्बोवी येथील कारखाना, जो १९८० साली बंद झाला, ‘डब्ल्यू’ म्हणजे अमेरिकेतील ब्रिजपोर्टचा, जो पूर्वी व्हीलर अँड विल्सन कंपनीचा होता. १११डब्ल्यू१५५ मध्ये सुई, दाते आणि आतला पाय ही तिन्ही एकत्र चालतात. तिच्यात उलटी टीप मात्र नाही. शिवणीचा शेवट पक्का करण्यासाठी माल फिरवून घ्यावा लागतो. जर्मनीतील कैझर्सलाउटर्न येथील फाफ कंपनीची १४५ व ५४५, जपानी जुकीची एल्‌यू-५६३ ही त्याच वर्गातील असून त्यांत उलटी टीप आहे. आडलरची जड यंत्रेही उत्तम. फक्त त्यांचे सुटे भाग मिळतात की नाही याची चौकशी आधी करावी. या सर्वांच्या नकला आशियात विपुल बनतात. नक्कल आहे एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही. किंबहुना मूळ यंत्राचे सुटे भाग स्वस्त मिळतात ते या नकलांमुळेच.

सिंगरची २९के ही जात पाहून नवा माणूस हटकून भुलतो. लांब, निमुळता हात, मोठे चाक, आणि चारी दिशांस फिरणारा पाय. ते यंत्र चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यांचे आहे. माल फिरविता येत नाही तेथे पाय फिरवावयाचा, ही त्यातील युक्ती. त्याचे बॉबिन लहान, आणि माल वरच्या पायाने ओढला जात असल्यामुळे लांब सरळ शिवणीस ते चालत नाही. ठिगळासाठी त्यास तोड नाही. सोफ्यासाठी ते घेऊ नये. कोल्हापुरी चपलेस अर्थातच यांपैकी काहीच लागत नाही. तिची परंपरागत शिवण चामड्याच्या वादीची आणि हाताची, आणि तिचा कारागीर आरी व रापी यांवरच संतुष्ट आहे.

आता प्रत्यक्ष पारख. पुण्याच्या जुन्या बाजारात असो वा मुंबईच्या एखाद्या गाळ्यात, यंत्र पाहावयास जाताना आपला माल, आपला दोरा आणि नव्या सुया बरोबर न्याव्यात. विकणाऱ्याने ठेवलेल्या चिंधीवरची टीप पाहून काहीही कळत नाही, हे आम्ही दाम मोजून शिकलो. वीज लावण्यापूर्वी पट्टा काढावा आणि चाक हाताने आपल्याकडे सावकाश फिरवावे. एका ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींनी मला प्रथम शिकविले ते हेच : “सर, आधी कान बंद, हात चालू. मोटर सगळं झाकते.” चाक सर्वत्र सारखे फिरले पाहिजे. सर्वत्र सारखेच जड असेल तर बहुधा जुने तेल घट्ट झालेले आहे, ते सुटेल. एकाच जागी अडकत असेल तर काहीतरी वाकले आहे किंवा काहीतरी आपटते आहे, आणि ते ठिकाण सापडेपर्यंत किंमत बोलू नये.

त्यानंतर सुईचा दांडा दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवावा. चालत्या सुईच्या यंत्रात थोडी हालचाल क्षम्य आहे. पण दांडा खुळखुळत असेल तर आकडा कितीही नेमका लावला तरी टाके चुकणारच. पाटाची सरकपट्टी काढून आकड्याचे टोक नखाने तपासावे. ते तीक्ष्ण व गुळगुळीत असले पाहिजे. मोडलेले किंवा बोथट टोक म्हणजे आकडा नवा. त्याची किंमत आधी विचारून ती यंत्राच्या किमतीतून वजा करावी. सुईच्या पट्टीच्या छिद्राभोवती ओरखडे दिसले तर त्या यंत्रात सुया पुष्कळ मोडल्या आहेत असे समजावे. दात्यांची धार गेली असेल तर काळजी नाही, ते बदलता येतात. यंत्र मागे कलंडवून त्याचे पोट पाहण्यास मात्र कधीही संकोच करू नये. वरचा रंग नवा आणि पोटात गंज, हे रूप आम्ही पाहिलेले आहे.

शेवटी कसोटीची शिवण. रेक्झीनच्या अर्धा मीटर लांबीच्या, तंतोतंत सारख्या दोन पट्ट्या कापाव्यात, टोके जुळवून न ओढता शिवाव्यात, आणि दुसरी टोके पाहावीत. तिसऱ्या प्रकारचे सुस्थितीतील यंत्र ती जवळजवळ जुळवून देते. मग त्याच पट्ट्या दुमडून दोन पदरांवरून सहा पदरांवर चढावे आणि पुन्हा उतरावे. चढावर टाका लहान झाला तर पायांची उंची कमी आहे. उतारावर टाका चुकला तर बहुधा पायाचा दाब कमी आहे. हे दोन्ही दोष पेचाने सुटतात. चढताना यंत्राचा श्वासच कोंडला तर ते कामाचे नाही.

सुई आणि दोरा यांच्या क्रमांकांविषयी दुकानांत फार गोंधळ आढळतो, म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. सुईचा मेट्रिक क्रमांक म्हणजे तिच्या अंगाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत : १४० क्रमांकाची सुई १.४० मि.मी. जाड. तिचाच दुसरा क्रमांक २२. तसेच १०० म्हणजे १६, ११० म्हणजे १८, १२५ म्हणजे २०, १६० म्हणजे २३, १८० म्हणजे २४. पाकिटावर बहुधा दोन्ही छापलेले असतात. याखेरीज सुईची ‘जात’ वेगळी असते, जी तिच्या दांड्याची जाडी व लांबी ठरविते. १११डब्ल्यू१५५ ला १३५×१७ ही जात लागते, आणि चामड्यासाठी तिचेच धारदार टोकाचे रूप १३५×१६. फाफ १४५ ला १३४-३५. एका जातीची सुई दुसऱ्या यंत्रात बसते म्हणून चालत नाही. छिद्र थोडे वर-खाली झाले की आकडा फास चुकतो, आणि बिचारा घेणारा यंत्र बिघडले असे समजतो.

दोऱ्याचे माप टेक्समध्ये सांगतात. एक हजार मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स. रिळावर काहीच लिहिलेले नसेल तर दहा मीटर दोरा मोजून सोनाराच्या काट्यावर ठेवावा, १.३५ ग्रॅम भरला तर तो १३५ टेक्सचा. टेक्स ७० च्या दोऱ्यास साधारणतः १८ क्रमांकाची सुई, ९० ला २०, १३५ ला २२, आणि २१० ला २४. गादीकामाच्या यंत्रांची मर्यादा बहुशः १३५ टेक्सपाशी येते. त्यापुढील जाड दोरा हवा असेल तर खोगीर व पट्टे शिवण्याचे, याहून मोठे यंत्र पाहावे. लहान यंत्राच्या आकड्यात जाड दोरा कोंबू नये. उन्हात राहणाऱ्या कामास, विशेषतः रिक्षाच्या छतास, नायलॉनपेक्षा पॉलिस्टर बरा, कारण नायलॉनची ताकद उन्हाने लवकर घटते.

दोऱ्याचा पीळ ही बाब अनेक जुन्या कारागिरांसही माहीत नसते. पीळ दोन प्रकारचे, आणि त्यांस रोमन लिपीतील एस व झेड या अक्षरांची नावे आहेत : दोरा उभा धरला असता पेडांचा तिरकेपणा ज्या अक्षराच्या मधल्या रेषेशी जुळतो, ते त्याचे नाव. शिवणयंत्रास झेड पीळ लागतो. एस पिळाचा दोरा यंत्रात उलगडत जातो, पेड सुटतात आणि एकेक तुटतो. परीक्षा अशी : दोरा दोन्ही हातांत आडवा धरावा, डावा हात स्थिर ठेवावा आणि उजव्या अंगठ्याने दोरा वरून आपल्याकडे लोटावा. पीळ घट्ट झाला तर झेड, सुटला तर एस.

धारदार टोकाची सुई चामडे कापून छिद्र पाडते, म्हणून ती केवळ चामड्यासाठीच वापरावी. रेक्झीनच्या पाठीस विणलेले कापड असते. त्यात ती धागे कापते आणि शिवण काही महिन्यांत उसवते. चामड्याचेही एक ध्यानात ठेवावे लागते. कापडातील धागे सुईच्या बाजूस सरकतात व पुन्हा जवळ येतात, चामड्यात पडलेले छिद्र कायमचे असते. १.४० मि.मी. जाडीच्या सुईने ४ मि.मी. चे टाके घातले तर दोन छिद्रांमध्ये २.६० मि.मी. चामडे उरते, २ मि.मी. चे घातले तर जेमतेम ०.६० मि.मी., आणि मग ती शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. बारीक टाका म्हणजे मजबूत टाका, हा शिंप्याचा नियम येथे उलटा लागू पडतो.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी एक सूचना : यंत्राच्या पोटात हात घालताना मोटारीची वायर भिंतीतून काढलेली असावी. कळ बंद करणे पुरेसे नाही, कारण क्लच मोटार बंद केल्यावरही काही काळ फिरत राहते आणि पायडलवर चुकून पाय पडला तर सुई बोटातून जाते.

पहिली दुरुस्ती ही नेहमी सफाईची असते. दात्यांखाली दडपलेल्या धुळीचा व तेलाचा नमदा बनतो. तो काढल्याने कित्येक ‘बिघडलेली’ यंत्रे सुधारतात. गोठलेल्या सांध्यांवर रॉकेल किंवा गंज सोडविणारे फवाऱ्याचे तेल टाकून एक रात्र थांबावे, चाक जोराने फिरवू नये. त्यानंतर शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल द्यावे. आपल्याकडे घरोघरी यंत्रात खोबरेल घालण्याची जी चाल होती, तिने किती यंत्रे मारली असतील याचा हिशेब नाही; ते तेल चोवीस अंशांच्या खाली थिजते आणि काळाने त्याचा चिकटा होतो.

टाके चुकू लागले की मिस्त्री प्रथम आकड्याचा मेळ पाहतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. आधी नवी सुई बसवावी. तिची लांब खोबण दोरा ज्या बाजूने आत जातो तिकडे आणि खाच आकड्याकडे आहे ना, ते पाहावे. मग सुई वर येताना माल तिच्याबरोबर उचलला जातो काय, हे पाहावे. माल उचलला गेला की फासच तयार होत नाही, आणि तो दोष पायाचा दाब वाढवून जातो. त्यानंतर सुईच्या दांड्याची उंची. एवढे सारे बरोबर असूनही टाका चुकत असेल तरच आकड्यास हात लावावा. नेहमी ज्या लांबीचा टाका घालावयाचा ती लांबी ठेवावी, कारण चालत्या सुईची जागा लांबीनुसार बदलते. सुई तळापासून सुमारे २ मि.मी. वर आणावी. त्या क्षणी आकड्याचे टोक सुईच्या मध्यावर आणि छिद्राच्या वरच्या कडेपेक्षा दीड-दोन मि.मी. वर असले पाहिजे. सुई व टोक यांच्यामधील अंतर कागदाच्या जाडीइतके, पण टोक सुईस घासता कामा नये. सुईची जाडी बदलली की हे अंतर पुन्हा पाहावे.

दोरा वारंवार तुटत असेल तर त्याच्या वाटेवर बोट फिरवावे. मोडलेल्या सुयांनी आकड्यावर व पट्टीवर बारीक खरखर उठविलेली असते. ती अत्यंत बारीक पॉलिश कागदाने घासून काढावी, कानस लावू नये. टीपेच्या खालच्या बाजूस दोऱ्याची जाळी दिसते तेव्हा लोक खालचे बॉबिन पिळत बसतात. दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचा असतो : तो टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो, किंवा चकत्यांमध्ये धाग्याचा तुकडा अडकलेला असतो. मराठीत ‘टेन्शन’ हा शब्द मनाच्या काळजीसाठी रूढ झाला त्यास आता पिढ्या लोटल्या. कुशनवाल्याच्या दुकानात मात्र तो मूळच्या अर्थाने अजून नांदतो, आणि तेथे टेन्शन कमी करणे ही एका पेचाची गोष्ट असते.

या वर्गातील कित्येक यंत्रांत आकड्याच्या चालीस एक सुरक्षा-क्लच असतो. दोरा आत गुंतला की तो सुटतो व आकडा फिरणे थांबते, जेणेकरून काही मोडू नये. यंत्र चालते, सुई खालीवर होते, पण टाका पडत नाही, असे यंत्र ‘आकडा गेला’ म्हणून मातीमोल किमतीस विकलेले मी पाहिले आहे. गुंतलेला दोरा काढावा, पाटावरील लहान कळ दाबून धरावी आणि खट्‌ असा आवाज होईपर्यंत चाक हाताने फिरवावे. बस, एवढेच.

मोटारीबद्दल थोडक्यात. जुन्या यंत्राबरोबर सहसा अर्ध्या अश्वशक्तीची, मिनिटास सुमारे १४४० फेऱ्यांची क्लच मोटार येते. तिच्यावर ५० मि.मी. ची कप्पी आणि यंत्राच्या चाकावर १०० मि.मी. ची असेल तर मिनिटास ७२० टाके पडतील. गादीकामात, विशेषतः शिकाऊ हातास, हेही फार होतात. कप्पी लहान केली की वेग घटतो आणि जोर वाढतो. अलीकडील सर्व्हो मोटार पायडल दाबल्यावाचून फिरत नाही, वीज वाचविते आणि एकेक टाकाही घालू देते. जुन्या यंत्रावर खर्च करावयाचा तर तो प्रथम येथे करावा. जुन्या वायरी मात्र बदलून घ्याव्यात आणि अर्थिंग असल्याची खात्री करावी.

ओतीव पाटास तडा गेलेला असणे, मुख्य दांड्याची बैठक झिजून चाक वर-खाली हलणे, आणि ज्याचे भाग कोठेच मिळत नाहीत असे अनोळखी यंत्र असणे, या तीन अवस्थांत दुरुस्तीच्या भरीस पडू नये. बाकी सर्व दोष वेळ आणि पैसा यांच्या हिशेबात बसतात.

मावसभावांचे ते पहिले यंत्र आता शेजारच्या एका शिंप्याकडे आहे. जाड सुती कापडाच्या पिशव्यांवर ते उत्तम चालते. ते वाईट नव्हतेच, कामच चुकीचे दिले होते. त्याच्या पैशांत भर घालून त्यांनी चालत्या पायाचे एक जुने जपानी यंत्र घेतले. या खेपेस चाक मी फिरविले आणि सुई झुलते काय हे त्यांनी पाहिले. विकणाऱ्याने याही वेळी ‘हेवी’ हाच शब्द वापरला. आम्ही पिशवीतून रेक्झीनच्या दोन पट्ट्या काढल्या.